खाडीपलीकडे नेलेली लस

माझ्या यजमानांना ठाण्यात सगळे 'देवीवाले' म्हणत. ठाण्या-कल्याणच्या आसपासच्या गावांतून हिंडून लहान मुलांना देवी टोचायच्या, ही त्यांची सरकारी नोकरी. ते गल्लीत शिरले की बायका मुलांना घरात ओढून घेत आणि दार लावत. नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा मला याची फार लाज वाटे. पाण्याला गेले की शेजारणी विचारत, "काय गं, आज कुणाच्या पोराला सुई लावली तुझ्या नवऱ्यानं?" मी खाली मान घालून घागर भरून निघून येई.

आताच्या मुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा लस बाटलीतून येत नसे. एका मुलाला टोचलं की त्याच्या दंडावर फोड येई. आठव्या दिवशी तो टपोरा भरे. त्यातली लस नस्तराच्या बारीक पात्याच्या टोकावर घ्यायची आणि दुसऱ्या मुलाच्या दंडावर ओरखडा काढून तिथे लावायची. म्हणजे एखाद्या गावाला लस न्यायची, तर टोचलेलं मूलच आईसकट बरोबर न्यावं लागे, आणि तेही बरोबर आठव्या दिवशी. काचेच्या तुकड्यांत धरून वाळवलेली लस कधी कधी नेत, पण उन्हाळ्यात ती लागत नसे.

सासूबाईंची दोन मुलं देवीनं एकाच आठवड्यात गेली होती. तिसरे हे. ह्यांनाही देवी आल्या होत्या, पण हे वाचले. चेहराभर व्रण राहिले तेवढेच. अशा बाईनं मुलाला ही नोकरी कशी करू दिली, याचं मला नवल वाटे. आमच्या देव्हाऱ्यात शीतळादेवीचा चांदीचा टाक होता. हे कामाला निघाले की सासूबाई त्या टाकाला एक फूल वाहत आणि पुटपुटत, "आई, हा तुझ्याच घरी चाललाय, सांभाळ." त्यापलीकडे त्या या कामाबद्दल कधी बरं-वाईट बोलल्या नाहीत.

आमची मुलगी दहा महिन्यांची झाली, तेव्हा फाल्गुनात ह्यांनी तिला स्वतःच्या हातानं टोचलं. सासूबाईंनी तिला मांडीवर धरलं होतं. मी स्वयंपाकघरात कान झाकून बसले होते.

टोचून पाच दिवस झाले असतील. दुपारी हे कचेरीतून आले आणि पाय न धुताच पडवीत बसले. मी पाणी घेऊन गेले, तर भांडं तसंच हातात धरून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"खाडीपलीकडे मिठागरांचं गाव आहे ना, तिथे देवी निघाल्यात. तीन मुलं गेली. मला जायचा हुकूम आलाय."

"मग?"

"जायचं कुणाला घेऊन? टोचलेली दोन मुलं आपल्या आळीतच आहेत. त्यांच्या आयांना विचारून आलो. रोग असलेल्या गावात पोराला न्यायचं म्हटल्यावर एकीनं दार लावलं आणि दुसरी रडायला लागली. त्यांचं काय चुकलं?"

पुढचं मला कळलंच होतं. आळीत टोचलेली मुलं दोन नव्हती, तीन होती.

त्या काळी नवरा बायकोला विचारत नसे, सांगत असे. ह्यांनी मला विचारलं. जमिनीकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "परवा तिचा आठवा दिवस. तू येशील का तिला घेऊन? नाही म्हणालीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मी विचारलं, "टोचलेल्याला देवी येत नाहीत, याची आपल्याला खात्री आहे?"

"फोड चांगला आला असेल तर येत नाहीत. मी पाहिलेल्यांत तरी कुणाला आल्या नाहीत."

"शपथ घ्याल?"

त्यांनी मान हलवली. "मुलीच्या बापानं अशी शपथ घेऊ नये," म्हणाले.

त्यांनी शपथ घेतली असती, तर कदाचित मी गेले नसते. त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटते आहे हे पाहिल्यावर 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. 'येते' असंही म्हणाले नाही. आत गेले.

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी समोर जाऊन बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या मला अडवतील, म्हणजे सगळं आपोआप सुटेल, अशी मला आशा होती. 'माझ्या नातीला त्या गावात न्यायचं नाही' एवढं त्या म्हणाल्या असत्या, तर ह्यांनी आईचा शब्द मोडला नसता.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरी पहिल्याला देवी आल्या तेव्हा असं कुणी मूल घेऊन आलं असतं, तर मी त्या बाईचे पाय धरले असते." मग पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "मला फार भीती वाटते. देवीला काय म्हणू? काय मागू?"

"मागायचं काय? माहेरी असताना आईला सांगून खेळायला जायचीस ना? तसं सांग. कुठे चाललीस, बरोबर कोण आहे, कधी परत येणार. पुढचं तिला कळतं."

एवढीच प्रार्थना मला सांगितली गेली. लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं मला येत होती, नवस कसा बोलायचा तेही ठाऊक होतं. पण अशी साधी गोष्ट देवाशी बोलायची असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचं एक अंगडं शिवलं. डाव्या बाजूला त्याला बाहीच ठेवली नाही, म्हणजे फोडाला कापड घासणार नाही.

आठव्या दिवशी उजाडता उजाडता मी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले. मुलगी कडेवर होती आणि टाकाकडे हात करून हुंकारत होती. मी मनातल्या मनात म्हणाले, 'आई, खाडीपलीकडच्या गावाला चालले. बरोबर हे आहेत आणि ही आहे. दुपारची ओहोटी लागायच्या आत परत निघेन.' आणखी काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण सुचलं नाही.

कोपरीपर्यंत बैलगाडी होती, पुढे होडी. मी त्याआधी कधी होडीत बसले नव्हते. भरतीचं पाणी चढत होतं आणि होडी जराशी कलली की मी तिची कड घट्ट धरी. मी स्तोत्र म्हणायला लागले. चार ओळी झाल्या आणि पाचवी आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. शेवटी सोडून दिलं आणि मुलीला पदराखाली घेतलं. ती निवांत दूध पीत होती. तिला ना पाण्याची भीती, ना देवीची.

पलीकडे उतरलो. मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे झळकत होते की डोळे दिपले. गावात मात्र सामसूम होती. दारादारांवर कडुनिंबाचे डहाळे लावलेले. कुठल्या घरातून फोडणीचा वास नाही, की उखळाचा आवाज नाही. ज्या घरी देवी आल्या त्या घरी हे सारं बंद ठेवतात, इथे सगळ्या गावानंच बंद ठेवलं होतं.

पाटील भेटले. भल्या स्वभावाचे होते. त्यांनी आम्हाला देवीच्या देवळाच्या ओट्यावर बसायला जागा दिली आणि म्हणाले, "मी सांगन सगल्यांना. पन जबरदस्ती करनार नाय."

ह्यांनी नस्तर पुसून कापडावर ठेवलं. आम्ही बसून राहिलो. माणसं दुरून बघत होती, जवळ कुणी येईना. बायका घरांच्या कोपऱ्यांशी उभ्या होत्या आणि सगळ्यांची नजर माझ्या मांडीवरच्या मुलीकडे होती.

मग देवळातून एक म्हातारी बाहेर आली. देवीची पूजा तिच्याकडे होती आणि त्या गावात तिचा शब्द पाटलापेक्षा मोठा असावा, कारण ती आली तशी कुजबुज थांबली. ह्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाय, ही पोर कोनाची?"

"माझी."

"तुजे पोटची?"

"हो."

"आन् तिचे दंडाला सुई कोनी लावली?"

"हिच्या बापानं. ते हे."

तिनं वाकून फोड नीट पाहिला. हात लावला नाही. "देवी बसलेले गावात तू पोटची पोर घेऊन आलीस. भ्याली नाय?"

मी परक्या माणसांपुढे कधी बोलले नव्हते. "भ्याले," मी म्हणाले. "अजून भिते आहे."

"मंग कशी आलीस?"

"घरच्या देवीला सांगून आले."

"काय सांगलंस?"

मी जे सांगितलं होतं ते शब्दाला शब्द तिला सांगितलं. ओहोटीचंही सांगितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. पण उठताना ती म्हणाली, "इथल्या आईला इचारल्याबिगर मी गावाचे एका पोराला हात लावू देनार नाय. कौल लावते."

कौल म्हणजे काय ते मला माहीत होतं. देवीच्या मूर्तीवर उजवी-डावीकडे ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

हे माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "कौल लावू देऊ नको. डावा पडला तर या गावात पुन्हा कुणालाच टोचता येणार नाही. मी पाटलांशी बोलतो."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तरीही मी म्हणाले, "लावू द्या. देवीला सांगून निघालो आणि आता तिला विचारायला भ्यायचं, हे बरं दिसत नाही." ह्यांचं बोलणं मी मोडलं, असं ते पहिल्यांदाच झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पाटलांकडे न जाता तिथेच बसले.

म्हातारीनं पाकळ्या लावल्या आणि हात जोडून उभी राहिली. ओट्यावरून गाभारा दिसत होता. शेंदूर लावलेली ओबडधोबड शिळा आणि तिच्यावर दोन तांबड्या पाकळ्या. सगळा गाव हळूहळू जवळ येऊन दाटला.

पाकळ्या पडल्या नाहीत.

आम्ही वाट पाहिली. ऊन ओट्याच्या पहिल्या पायरीवरून दुसरीवर आलं. मुलगी कुरकुरली, मी तिला पाजलं, ती झोपली. माझ्या मनात दोन्ही टोकांचे विचार येत होते. डावी पडली तर मुलीला घेऊन सरळ घरी जाता येईल, आणि उजवी पडली तर तीन मुलं गेल्यावर मागे उरलेली ही पोरं वाचतील. खरं सांगते, मला नक्की काय हवं होतं ते मला सांगता आलं नसतं. मी फक्त म्हणत राहिले, 'आई, मी इथेच बसले आहे.'

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आई नाय म्हनते. उठा आता."

म्हातारी वळली. "नाय म्हनायचं असतं तर तिला येल लागला नसता," ती म्हणाली. "तीन पोरांचे आईबाप कौल लावायला आले, ते येलेला तिनं माजे हात खाली यायचे आत डावा दिला. तिन्ही येला. आज गप बसलीय. म्हंजे आज ती आपल्याला ठरवायला सांगते."

ती गर्दीतून वाट काढत तिच्या घराकडे गेली. परत आली तेव्हा कडेवर तिचा दोन वर्षांचा नातू होता. त्याला तिनं ह्यांच्यापुढे बसवलं. "ह्याचे हाताला पयली लावा."

ह्यांनी मला खूण केली. मी मुलीचा दंड धरला. झोपेतच तिला नस्तर टोचलं. ती दचकून किंचाळली आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडू लागली. फोडातून आलेला थेंब इतका स्वच्छ होता, की दवाचा वाटावा. मी तोंड फिरवलं नाही. घरी कान झाकून बसलेल्या मला, तो थेंब म्हातारीच्या नातवाच्या दंडावर जाताना पाहणं जमलं.

त्याच्यानंतर पाटलांची मुलगी. मग एकेक बाई पुढे आली. माझ्या मुलीच्या रडण्यात त्यांच्या मुलांचं रडणं मिसळलं. एका बाईनं तिच्या मुलाला धरता धरता दुसऱ्या हातानं माझ्या मुलीच्या पाठीवर थोपटलं. अकरा मुलं झाली.

बारावी बाई मिठागरातून धावत आली होती. पायांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं. कडेवर वर्षाचं मूल. ह्यांनी आमच्या मुलीचा फोड हलकेच दाबून पाहिला आणि हात थांबवला. लसीऐवजी रक्त आलं होतं.

"आता नाही घेता येणार," ते म्हणाले. "आठव्या दिवशी मी परत येतो. याच मुलांच्या दंडावरून तुझ्या मुलाला पहिली देतो. शब्द देतो."

ती 'बरं' म्हणाली. वाद घातला नाही, रडलीही नाही. मुलाला सावरून परत गेली.

होडीत बसल्यावर मला मुलीला धरवेना. सकाळपासून मी कसलं अवसान आणलं होतं कोण जाणे. ह्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं. चारचौघांत बापानं मूल मांडीवर घ्यायची तेव्हा रीत नव्हती. नावाडी बघत होता, तरी कोपरीचा काठ येईपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. उपरण्याची सावली धरून बसले होते.

घरी सासूबाईंनी दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मुलीचा दंड सुजला होता, तो त्यांनी पाहिला, तिची पापी घेतली आणि मला म्हणाल्या, "आधी जेव."

चार दिवस मुलीला ताप होता. ते चार दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. तिच्या अंगावरची प्रत्येक पुटकुळी मी शंभरदा पाहिली. ती घामोळं निघाली. पाचव्या दिवशी ती खुदकन हसली आणि मी तिला घेऊन अंगणात गेले.

आठव्या दिवशी हे एकटेच खाडीपलीकडे गेले. अकरापैकी दहा मुलांचे फोड छान भरले होते, आणि त्यांतल्या कुणालाही पुढे देवी आल्या नाहीत. अकरावं आणि गावातली उरलेली मुलंही त्या दिवशी टोचून झाली. पण ह्यांनी जिला शब्द दिला होता, त्या बाईचं मूल तिथे नव्हतं. पाचव्या दिवशी त्याला देवी आल्या आणि सातव्या दिवशी ते गेलं.

हे ऐकून मी देव्हाऱ्याच्या खोलीत जाऊन बसले. सासूबाई वाती वळत होत्या.

"मी तिला सगळं सांगून गेले होते," मी म्हणाले. "मग तेच मूल का? एक थेंब जास्त असता तर?"

सासूबाईंनी वात पुरी वळली. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या दोघांच्या वेळी मीही विचारलं होतं. तिनं अजून सांगितलेलं नाही."

"तरी रोज फूल वाहता?"

"वर्षभर वाहिलं नाही. देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवत असे. माझ्या सासूबाई रागावत, मी ऐकलं नाही. मग एकटं एकटं वाटायला लागलं. रागवायला तरी दुसरं होतं कोण मला?"

त्यांनी माझ्यापुढे थोडा कापूस सरकवला. आम्ही दोघी वाती वळत बसलो. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, भरवसा म्हणजे जे होईल ते आपल्या मनासारखंच होईल अशी खात्री. सासूबाईंचा भरवसा निराळा होता. तो भांडून, अबोला धरून, परत आला होता.

पुढल्या वर्षी थंडी सुरू झाली आणि एक दिवस सकाळी आमच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी तिला लगेच ओळखलं. तिच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती.

"देवीवाले घरान् हायत?" तिनं विचारलं.

तोवर आमच्या दारी आपण होऊन मूल टोचून घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. हे बाहेर आले आणि दारातच थबकले. गेल्या वर्षीच्या शब्दाबद्दल त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तिनंच ते होऊ दिलं नाही. ओच्यातून पानांत बांधलेलं मीठ काढलं, सासूबाईंसमोर ओटीवर ठेवलं आणि मुलीचा दंड उघडा केला. त्या दिवशी आळीत एका मुलाचा आठवा दिवस होता. ह्यांनी त्याला बोलावून आणलं आणि तिच्या मुलीला टोचलं. सासूबाईंनी बाईला गूळ-पाणी दिलं.

निघताना तिनं मला विचारलं, "आठवे दिशी हिला कुठं न्यायची?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. टिटवाळ्याकडच्या एका गावात देवी निघाल्याची बातमी कालच आली होती आणि बरोबर न्यायला ह्यांना मूल मिळत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिथे रोग आहे, हेही सांगितलं. ते लपवणं मला बरं वाटेना.

तिनं मुलीच्या अंगावरचं फडकं नीट केलं. "मंग मी येते," ती म्हणाली. "तू येशील ना संगती?"

आठव्या दिवशी ठाण्याच्या स्टेशनावर आम्ही दोघी कल्याणच्या आगगाडीत शेजारी बसलो, हे पुढच्या डब्यात होते. तिथून पुढे बैलगाडी होती. ती पहिल्यांदाच आगगाडीत बसली होती. गाडी हलली तसा तिनं माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले. तिच्या मांडीवरची पोर जागी होती आणि खिडकीतून पळणाऱ्या झाडांकडे टकामका बघत होती. मला पुन्हा तितकीच भीती वाटत होती. मी तिचा हात सोडवून घेतला नाही.